दोन वेळच्या जेवणाचा तपास

“भावोजी, जगात दोन प्रकारची माणसं असतात. एक, ज्यांना दिसतं. दुसरी, ज्यांना मी दाखवतो.”

हे माझे मेहुणे. बायकोचे धाकटे भाऊ. सगळा जन्म पाणीपुरवठा खात्यात मीटर वाचण्यात गेला. रिटायर झाल्यावर त्यांनी कार्डं छापून घेतली. त्यावर लिहिलंय: ‘खाजगी गुप्तहेर. सूक्ष्म नजर, थंड डोकं, अचूक निष्कर्ष. दुपारी बारा ते चार बंद.’

त्यांचं म्हणणं असं, की आपण लोकांच्या जिन्याखाली, मोरीमागे, भिंतीच्या फटीत इतकं वाकून पाहिलंय की माणसाचं आता काही लपायचं राहिलं नाही. माणूस तोंडाने खोटं बोलतो, मीटर बोलत नाही. ते उन्हातही कोट घालतात आणि दिवसाही टॉर्च बाळगतात. आजवर त्यांच्या हातून तीन केसेस सुटल्या. दोन आपोआप सुटल्या आणि तिसरीत मांजर स्वतःच घरी आलं.

मी त्यांचा मदतनीस. ठरवून झालो नाही. ही गेली तेव्हा घरात माणसं मावत नव्हती. मग ती हळूहळू कमी झाली आणि शेवटी मेहुणे उरले. रोज सकाळी येऊन समोर बसायचे. दोघांनी गप्प बसण्यापेक्षा तपास बरा.

ही केस मात्र माझीच होती, आणि ती मीच ओढवून घेतली होती.

मुलगी दुसऱ्या शहरात असते. रोज संध्याकाळी फोन करते आणि पहिला प्रश्न ठरलेला. “बाबा, काय जेवलात?”

मी आयुष्यभर शिलाईची मशीनं दुरुस्त केली. मला पाणी उकळता येतं. त्यापुढचं हिने शिकवलं नाही, मीही विचारलं नाही. त्यामुळे मी सकाळी चहा-पाव खायचो आणि रात्री पाव-चहा. एक दिवस तिच्या प्रश्नाला कंटाळून म्हणालो, “खानावळीत जेवलो.”

“कुठल्या?”

“आहे एक. जवळच. चांगलं देतात. स्वस्तही आहे.”

“रोज जाता?”

“रोज.”

ती जरा थांबली. तिच्या आईसारखीच थांबते. “छान. रविवारी येते मी. मला तिथेच जेवायला न्या. आणि बाबा, थाप असली ना, तर सुटकेस रिकामी आणतेय. तुमचे कपडे भरायला.”

मुलीचं घर चांगलं आहे. जावई चांगला आहे. मला वेगळी खोली देणार आहेत. पण या घरात ही अजून थोडी आहे. खिडकीत चष्मा आहे, दारामागे छत्री आहे. तिकडे ती नसेल, फक्त मी असेन. हे फोनवर सांगता येत नाही. मी मेहुण्यांना सांगितलं.

ते उठले, कोटाची बटणं लावली आणि म्हणाले, “केस घेतली.”

“कुणाला तरी विचारू या का? शेजारी, दुकानदार...”

“भावोजी! विचारतो तो गिऱ्हाईक. शोधतो तो गुप्तहेर.”

पहिला सिद्धांत त्यांनी जिना उतरता उतरताच मांडला. चांगलं जेवलेला माणूस हळू चालतो, एक हात पोटावर ठेवतो आणि कुणाशी बोलत नाही. असा माणूस शोधायचा आणि तो जिकडून आला तिकडे जायचं. आम्ही चौकात उभे राहिलो. फार वेळ लागला नाही. एक गृहस्थ अगदी सावकाश येत होते, पोटावर हात, डोळे अर्धे मिटलेले.

“तृप्ती,” मेहुणे माझ्या कानात म्हणाले. “शंभर टक्के तृप्ती.” मग पुढे होऊन त्यांनी विचारलं, “क्षमा करा, आपण आत्ता कुठून आलात?”

“दवाखान्यातून,” गृहस्थ म्हणाले. “अपेंडिक्स काढलं.”

मेहुणे डगमगले नाहीत. “आणि दवाखान्यातलं जेवण?”

“चार दिवस नुसतं पाणी दिलं हो.”

“पाणी!” मेहुणे थबकले. त्या गृहस्थांना रिक्षात बसवून दिल्यावरही ते तेवढंच पुटपुटत होते. “पाणी, भावोजी. मी माझी विद्या विसरलो होतो.”

दुसरा सिद्धांत असा पाण्यातून निघाला. जिथे गिऱ्हाईक जास्त, तिथे ताटं जास्त. ताटं जास्त तिथे धुणं जास्त. धुणं जास्त तिथे मीटर पळणार. तेव्हा भागातल्या सगळ्या हॉटेलांची मीटरं बघायची. पाटी बघायची नाही, भाव बघायचे नाहीत, आत डोकावायचंसुद्धा नाही.

“आत डोकावलं तर निदान वास तरी कळेल,” मी म्हटलं.

“वासाने माणूस वाहवत जातो. आकड्याने जात नाही.”

मग आम्ही दोन दिवस हॉटेलांच्या मागच्या बाजूंनी फिरलो. मी खरकट्याचे डबे बघितले, भिजलेली पोती बघितली, एका कुत्र्याशी ओळख झाली. मेहुणे प्रत्येक मीटरपुढे उकिडवे बसून टॉर्च मारत आणि डॉक्टरसारखे मान हलवत. “मंद आहे. फार मंद. इथे फक्त चहा चालतो.” पुढच्या ठिकाणी, “हं. हे काल चाललं होतं. आज उपास आहे.” सगळीकडे असंच. शेवटी एका कोपऱ्यावरच्या हॉटेलामागे ते बसले आणि उठेचनात.

“काय झालं? पाय आखडला?”

“भावोजी, काटा दिसत नाहीये. इतका जोरात फिरतोय.” त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. “इथे गाव जेवतंय!”

आम्ही वळसा घालून पुढच्या दाराने आत गेलो. आत गाव नव्हतं. मालक होता आणि एक माशी होती. मेहुणे म्हणाले, गर्दी नुकतीच गेली असणार. आम्ही बसलो. भात आला, तो ताटलीच्या आकाराचाच निघाला. भाजी कसली होती हे मी विचारलं, तर मालक म्हणाला, “मिक्स.” कशाकशाची, ते त्यालाही आठवेना. मी दोन घास खाल्ले. मेहुण्यांनी एकही खाल्ला नाही, हे मी तेव्हा पाहिलं. पण पाहणं हे त्यांचं काम, माझं नव्हे, म्हणून मी त्यावर विचार केला नाही.

“मालक,” मेहुणे म्हणाले, “तुमचं पाणी एवढं जातं कुठे?”

“तेच तर कळत नाही! बिल भरून भरून मेलो मी. कुठेतरी पाणी मुरतंय नक्की.”

खरोखरच मुरत होतं. मागच्या संडासाच्या भिंतीत पाइप फुटला होता. मेहुण्यांनी टॉर्च मारून जागा दाखवली, मालकाने त्यांचे दोन्ही हात धरले, जेवणाचे पैसे घेतले नाहीत आणि वर सांगितलं की आता तुम्ही रोज इथेच जेवायचं. मी घाबरून आधी बाहेर पडलो.

“चौथी केस सुटली,” मेहुणे रस्त्यावर येऊन म्हणाले.

“पण माझी?”

“तुमची पाचवी.”

शनिवार उजाडला. माझ्या पोटात कावळे ओरडत होते आणि डोक्यात सुटकेस होती. त्या सकाळी मेहुणे शिट्टी वाजवत आले. तिसरा सिद्धांत शेंबड्या पोरालाही सुचला असता, म्हणूनच आपल्याला उशिरा सुचला, असं ते म्हणाले. रांग! जिथे लोक रांग लावतात तिथे माल चांगला आणि भाव कमी. आणि अशी रांग त्यांनी येताना पाहिली होती, शाळेच्या हॉलपासून थेट फाटकापर्यंत.

आम्ही शेपटाला उभे राहिलो. “कशाची आहे हो रांग?” मी पुढच्या बाईंना विचारणार, तेवढ्यात मेहुण्यांनी माझा दंड दाबला. रांगेत राहून रांग कशाची असं विचारलं की संशय येतो म्हणे. त्याऐवजी ते आतून बाहेर येणाऱ्यांचे चेहरे वाचू लागले. “बघा, प्रत्येक जण समाधानी. तो बघा, थोडा झोपाळला आहे. भरपेट जेवलाय. त्या बाई बघा, हातात अजून बिस्किट आहे. म्हणजे गोडसुद्धा देतात.”

“आणि पैसे?”

“बाहेर पडताना कुणी पाकीट खिशात ठेवताना दिसतंय? नाही ना? म्हणजे फुकटाच्या आसपास.”

आत गेल्यावर एका नर्सबाईंनी मला बाही वर करायला सांगितली.

मी मेहुण्यांकडे पाहिलं. मेहुणे छताकडे पाहत होते.

“वय काय? वजन किती? सकाळी काय खाल्लंत?” नर्सबाईंनी विचारलं.

“चहा-पाव.”

“आणि काल रात्री?”

“पाव-चहा.”

त्यांनी माझ्या पापणीखाली पाहिलं आणि पेन खाली ठेवलं. “आजोबा, तुम्ही रक्त देऊ नका. तुम्हालाच कुणीतरी द्यायला हवं.” मग मेहुण्यांच्या पापणीखाली पाहिलं. “हे मात्र चांगले टुणटुणीत आहेत. पण दोघांचंही वय गेलंय. जा आता. बिस्किट घेऊन जा.”

जेवण हलकं होतं, पण फुकट होतं. हे मेहुण्यांचं वाक्य आहे, माझं नाही.

रविवारी मुलगी आली. सुटकेस दारात ठेवली. मोठी होती, चाकांची. तिने खिडकीतल्या चष्म्याकडे पाहिलं, मग ओट्याकडे, मग पावाच्या पुड्याकडे आणि मग माझ्याकडे. म्हणाली, “चला, कुठेय तुमची खानावळ?”

मेहुणे उभे राहिले आणि त्यांनी अहवाल दिला. अपेंडिक्स, मीटर, रांग, सगळं. शेवटी म्हणाले, “निष्कर्ष असा, की या भागात माणसाला परवडेल असं चांगलं जेवण अस्तित्वातच नाही. हे मी खात्रीने सांगतो.”

मुलगी त्यांच्याकडे बघत राहिली. चेहऱ्याकडे नाही. कोटाच्या बटणांकडे. सगळ्यात खालचं बटण लागत नव्हतं.

“मामा,” ती म्हणाली, “तुम्ही कुठे जेवता?”

मशीन बंद पडलं की आधी प्लग लावलाय का ते बघा, असं मी गिऱ्हाइकांना सांगत आलो. आणि हा प्रश्न मला सुचला नव्हता.

“हा प्रश्न तपासाच्या कक्षेत येत नाही,” मेहुणे म्हणाले.

“मामा.”

“घरी. हाताने करून.”

“तुमच्या घरी मी चहा करायला गेले होते, आठवतं? शेगडीवर वर्तमानपत्रांचा गठ्ठा होता. आणि त्यावर छत्री.”

मेहुणे खाली बसले. टॉर्च उगाच चालू केला, बंद केला. “पाण्याच्या ऑफिसमागे एक बाई आहेत,” ते म्हणाले. “नोकरीला लागल्यापासून तिथेच जेवतो. दोन्ही वेळा.”

“आणि मला दोन दिवस खरकट्याचे डबे हुंगायला लावलेत? रक्त काढायला नेलंत?”

“काखेत कळसा आणि गावाला वळसा,” मुलगी म्हणाली. “पण मामा, लपवलंत का?”

“ताईमुळे.” त्यांचा आवाज बारीक झाला. “मी एकटा राहायला लागलो तेव्हा तिने मला भांडी घेऊन दिली. समोर उभं करून स्वयंपाक शिकवला. दर भेटीला विचारायची, काय केलंस? मी सांगायचो, तू शिकवलेलं. ती सगळ्यांना सांगायची, माझ्या भावाच्या हाताला माझंच वळण आहे. मग कसं सांगणार, की ती भांडी मी पहिल्या आठवड्यातच माळ्यावर टाकली?”

“पण मामा, आई आता...”

“गेली. म्हणून तर. असती तर रागावली असती, चार दिवस बोलली नसती आणि मग मिटलं असतं. आता सांगितलं तर मिटवणार कोण?”

मुलीने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मी टोपी घातली. “चला,” मी म्हणालो. “तुमच्या ताईला राग माझ्यावर काढू द्या. मला सवय आहे.”

पाण्याच्या ऑफिसमागे एक बोळ आहे. पाटी नाही. दोन खोल्या, लांब बाकं, धुऊन पांढरी पडलेली टेबलं. दारात पाऊल टाकलं आणि सगळ्यांनी मान वर केली. “या साहेब!” कुणीतरी भिंतीकडची खुर्ची मोकळी केली. स्वयंपाकघरातून एक जाड भिंगाच्या चष्म्याच्या बाई आल्या, वाफेने काचा धुरकटलेल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, “हे तुमचे मदतनीस का? फार ऐकलंय यांच्याबद्दल. चुका फार करतात ना?”

मेहुणे खोकले.

भात आला, मोकळा. भाजी कसली होती ते कळत होतं. मासा होता, त्यावर दाट रस्सा, आणि शिवाय गरम सार. आम्ही मान खाली घालून जेवत होतो. मुलीने मध्येच भाव विचारला. बाईंनी सांगितला. तिने परत विचारला, हा एका माणसाचा ना? अर्ध्याचा नाही ना? मग ती म्हणाली, “बाबांचं रोजचं धरा. दोन्ही वेळा. आणि मावशी, आले नाहीत तर मला फोन करायचा.” तिने नंबर दिला. नंबर देता देता मला म्हणाली, “सुटकेस रिकामीच नेते.”

बाई तिथेच उभ्या होत्या. हात पुसत त्यांनी विचारलं, “कसं झालंय?”

साधा प्रश्न होता. पण मुलगी ताटात बघायला लागली आणि मेहुणे भिंतीकडे. कारण आम्हा तिघांना उत्तर एकच माहीत होतं. माझी ही फार चांगली होती. पण ती स्वयंपाक बोलता बोलता करायची, एक डोळा खिडकीबाहेर ठेवून, आणि भात नेहमी पातेल्याच्या आकाराचा निघायचा. आम्ही जन्मभर ‘छान’ म्हणत आलो. तिला ते खरं वाटायचं. खरं म्हणजे नसेलही वाटत.

बाई वाट बघत होत्या. कुणीतरी बोलायलाच हवं होतं.

“हिच्यापेक्षा चांगलं आहे,” मी म्हणालो.

मुलीचा घास अडकला. ती हसायला लागली, मग डोळे पुसायला लागली, आणि तरी हसतच होती. मेहुण्यांनी दचकून आधी दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे वाकले.

“हळू बोला, भावोजी. ऐकेल ती.”

मी आणखी भात मागितला. हळू आवाजात.