राजियाने घुगऱ्याखाऊ म्हणवून घेतलें त्याची हकिकत

ज्या देवांचीं नांवें ठाऊक त्यांस दंडवत, आणि जीं ठाऊक नाहींत त्यांस दोन दंडवत अधिक. शके अकराशें बावन्न, विकृतिनाम संवत्सरीं, हबशांचे मूळ मुलुखाहून फार पश्चिमेस, वाळूचे रणापलीकडे, महानदीतीरीं शिकारी आणि लोहार ऐसे दोन लोक नांदत होते. आणि उभयतांत पूर्वापार चाल ऐसी जे, भेटतांच एकमेकांची यथेच्छ टवाळी करावी आणि कोणी रागास येऊं नये. राग आला तों नातें तुटलें. मग उत्तरेचा सुलतान घोडदळ घेऊन येतो ऐसें वर्तमान आलें, म्हणोन सर्वांनीं शिकारियांचा नायक जिगीबा यास राज्यीं बसविलें. आणि लोहारांची वडील म्हातारी तेनेंबा मुजऱ्यास आली, ती भरदरबारीं म्हणाली, “काय रे घुगऱ्याखाऊ, गादीवर तरी ढेंकर आवर!” दरबार हंसला. राजे नवे, माथें फिरलें, आणि हुकूम फर्माविला जे, “आजपासोन आम्हांस कोणी हंसूं नये.” झालें! आपल्याच पायांवर धोंडा पाडून घेतला.

तेनेंबा उठून गेली आणि लोहारांनीं भट्ट्या विझविल्या. भाले नाहींत, बाणांस फाळ नाहींत, आणि सुलतान आठां मजलांवर. राजियाने गाई धाडिल्या, सोनें धाडिलें, तें सर्व परत आलें आणि निरोप आला जे, “नजराणे परक्यांस द्यावे.” तेव्हां राजियास आपली चूक उमजली. मग स्वारी पायींच लोहारआळींत गेली आणि म्हातारीचे दारीं ओरडली, “अगे कोळसातोंडे, जिवंत आहेस कीं गंजलीस?” म्हातारी बाहेर आली, डोळां पाणी, आणि म्हणाली, “आलास रे घुगऱ्याखाऊ! तुझे पोटाची गुरगुर वेशीपासोन ऐकतें आहें.” राजे खदखदां हंसले, आळी हंसली, आणि घटकेंत भाते चालूं लागले.

तेथें सुलतानाचा वकील टेहळणीस आला होता, तो तलवारीस हात घालून म्हणाला, “राजियास ऐसें बोलते! जीभ छाटूं?” राजे म्हणाले, “छाटाल तर आम्हांस खरें कोण सांगेल?” वकील तोंडांत बोट घालून परतला आणि धन्यास बोलला, “खाविंद, येथें फितुरी करावी कोणाशीं? मनांतील सर्व तोंडावर बोलून मोकळे होतात.” फितुरीवांचून हें राज्य घेववत नाहीं ऐसें जाणोन सुलतानाने घोडा वळविला.

सारांश, राज्य तीनशें वर्षें सुखें चाललें. प्रत्येक राजा गादीवर बसण्याआधीं लोहारांचे म्हातारीपुढें उभा राहून शिव्या खाई, आणि ज्यास त्या पचल्या नाहींत त्यास परत ससे मारावयास धाडीत.