सोपानदादांची बुटकी झाडं

सोपानदादांच्या बागेत पौष महिन्यात मोठ्याने बोलायची बंदी असते. एकदा मी कुंपणाजवळ शिंकलो, तर गृहस्थ धावूनच आले. "मास्तर, हळू! झाडं आत्ता कुठं निजल्यात." आता शिंक काय विचारून येते?

झाडं सफरचंदाची. आमच्या हिर्डोशीत, भात-नाचणीच्या गावात! सफरचंदाचं झाड पानं गाळून थंडीत निजतं आणि जागं झालं की फुलतं. इथं तेवढी थंडी कुठली? म्हणून सोपानदादा चाळीसच्या चाळीस झाडांची पानं हाताने एकेक करून खुडतात. झाडांना वाटावं, कडाक्याचा हिवाळा आला. गाव हसलं. मीही हसलो, खोटं कशाला बोलू?

झाडंही कसली, माझ्या छातीएवढी. दाटीने लावलेली, तारांना बांधलेली. ज्या रोपावर सफरचंदाचं कलम करतात त्याला खुंट म्हणतात. दादांनी मुद्दाम बुटका खुंट मागवला. "वरचं वाण कंचंबी असू द्या, मास्तर. उंची खुंटाच्या हातात." हे मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतसुद्धा म्हणेन. तरीही एखादी फांदी वर गेलीच, तर फुलांसकट कापतात. तेव्हा ते कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत.

त्याचं कारण आता सगळ्या गावाला ठाऊक आहे. चार वर्षांपूर्वी त्यांची बायको, हौसावहिनी, हिरडा उतरवताना झाडावरून पडल्या. त्यांच्यासारखं झाडावर चढणारं गावात दुसरं कुणी नव्हतं. तेव्हापासून त्या चाकाच्या खुर्चीत. कुणी फळ हातात दिलं, तर खाली ठेवतात. "आयतं नगं," एवढंच म्हणतात. वहिनींनी बसल्या जागी, स्वतःच्या हाताने एक फळ तोडून खावं, एवढ्यासाठी दादांचा हा सगळा खटाटोप. हे कळल्यावर माझं हसू पार जिरलं.

यंदा मेअखेरीस अकरा फळं पिकली. खुर्ची ढकलायला दादांनी मला बोलावलं. त्यांचा चेहरा असा, की जणू आज बारावीचा निकाल आहे.

"हं, तोड," ते म्हणाले. "हितंच हाय बघ, हाताशी."

वहिनींनी समोरच्या फळाकडे बघितलंच नाही. मान वर केली. पानांआडून एक फांदी दादांच्या नजरेतून निसटून वर गेली होती. तिच्या टोकाला एक फळ होतं.

"त्ये," वहिनी म्हणाल्या.

"अगं, त्ये उंच हाय. ह्ये घे की, तुझ्यासाठीच तर लावलंय."

"त्येच."

त्यांनी तार धरली आणि अंग उचललं. खुर्ची डगमगली. मी ती मागून घट्ट धरली. दादा "पडशील गं!" म्हणत पुढे झाले, पण त्यांनी वहिनींना खाली बसवलं नाही. कमरेला मिठी घालून वर उचललं. लहान पोरासारखे रडत होते, आणि रडता रडता म्हणत होते, "अजून जरा, हौसा. अजून जरा वर."

वहिनींचा हात फळापर्यंत पोचला होता. तरी त्या तोडीनात. तिथूनच इकडेतिकडे बघत राहिल्या.

"धरा नीट," त्या म्हणाल्या. "मला काय घाई न्हाई."