सात नंबर मठ्ठ निघाला

प्रयोगशाळेतल्या मदतनीस बाईंनी सात नंबरच्या उंदराची परीक्षापेटी पुसली आणि पडदा चालतोय ना, हे बघायला बोट लावलं. फूल आणि चंद्र उमटले. फूल चंद्राहून वरचढ, चंद्र पानाहून. मग फूल आणि पान समोर आली तर वरचढ कोण, हे उंदरांनी तर्कानं ओळखायचं होतं. बरोबर आलं की एक दाणा पडे. गुणांची नोंद यंत्रच ठेवी.

बाहेर दुपार पेंगुळली होती. यंत्र एका सुरात घुमत होतं. बाईंनी खाली फतकल मारली. त्यांनी चंद्र निवडला. पुन्हा चंद्रच. चंद्र नसेल तेव्हा पान, कारण फुलापुढे ते बिचारं ओशाळल्यासारखं वाटे. मधूनच डोळा लागे, पाण्यावर तरंगल्यासारखं होई, आणि बोट आपलं आपणच पुढे सरके.

संध्याकाळी सर यंत्रातून निघालेला कागद नाचवत आले.

"बाई, सात नंबरला झालंय काय? काल नव्वद टक्के, आज एकतीस! आणि एकेका उत्तराला अर्धा मिनिट! अगदीच मठ्ठ निघाला. उद्या त्याला प्रयोगातून काढा."

"काढा म्हणजे?"

"काढा म्हणजे काढा," सर खिडकीबाहेर बघत म्हणाले.

सात नंबर पिंजऱ्यात शांतपणे मिशा साफ करत होता.

"सर, तो हुशार आहे हो."

"यंत्र खोटं बोलत नाही, बाई."

"खरंच बोलतंय ते. पण एकतीस टक्के माझे आहेत."

बोलून झालं आणि बाईंना आपली नोकरी हलकेच दाराबाहेर तरंगत जाताना दिसली. "पुसता पुसता बसले सर. चंद्र छान वाटला, म्हणून…"

सरांनी दार लोटलं, स्टूल ओढलं आणि बाईंच्या शेजारी टेकले.

"कुणाला बोलू नका. मला एकोणतीस पडले होते."

"तुम्हाला?"

"गेल्या महिन्यात. चार नंबरच्या खात्यावर."

"अहो, पण चार नंबरला तर तुम्ही मठ्ठ म्हणून काढलंत!"

"काढला आणि घरी नेला. मन खायला लागलं ना माझं!" सरांचा आवाज आणखी खाली गेला. "हल्ली घरात दोन मतं पडली की आमची ही दोन चिठ्ठ्या त्याच्यापुढे ठेवते. अजून एकदाही तो माझ्या चिठ्ठीकडे फिरकलेला नाही."