हेबर्लेबाईंची हातगाडी

१३ जून २०१४, शुक्रवार. जर्मनीतल्या श्वेबिशे आल्बच्या डोंगरातल्या एका कुरणावर मी चाळीस पोरांच्या सूपसाठी कांदे चिरत होते आणि माझ्या शेजारी हेबर्लेबाई गाडीच्या चाकाला डुकराची चरबी चोळत होत्या.

"साधं तेल घाला की," मी म्हटलं.

"पायोनियरांकडे तेलाची बाटली नव्हती, फ्राऊ सावंत."

"त्यांच्याकडे निळे प्लास्टिकचे संडासही नव्हते." कुरणाच्या टोकाला तसले चार उभे होते.

"ती लांड्राट्सआम्टची अट आहे," त्या म्हणाल्या. सरकारी ऑफिसापुढे पायोनियरांचं काही चालत नाही.

हेबर्लेबाई बॉबलिंगेनला आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. एकट्या. पंथाने मॉर्मन. या पंथाचे जुने लोक, म्हणजे ते पायोनियर, दीडशे वर्षांपूर्वी सगळा संसार हातगाड्यांवर घालून अमेरिकेची माळरानं पायी ओलांडत गेले. त्यांची आठवण म्हणून बाई दर काही वर्षांनी पंथातल्या पोरांना तीन दिवस डोंगरात नेतात. लाकडी गाड्या, लांब झगे, डोक्याला टोप्या, मोबाइल बंद. हे पूर्वज धर्मातले, बरं का. बाईंचे रक्ताचे पूर्वज फार तर श्टुटगार्टच्या बाजारापर्यंत गेले असतील.

एरवी ती गाडी आमच्या तळघरात असते आणि जिन्याला चरबीचा वास येतो. त्याच जिन्यावर, माझी झाडण्या-पुसण्याची पाळी संपली की, बाई कठड्यावरून बोट फिरवून बघतात. त्यांचा एक लाडका शब्द आहे : वायटर. म्हणजे पुढे चला. बर्फावर घसरून पडल्या तरी वायटर. माझ्या सासूबाई गेल्या तेव्हाही जिन्यात माझा हात दाबून म्हणाल्या, "वायटर, फ्राऊ सावंत." त्यांना तिथूनच ढकलून द्यावंसं वाटलं होतं मला.

या वेळी वर्गातल्या मैत्रिणीबरोबर आमची लेक ईरा निघाली. मग त्यांच्या स्वयंपाकीणबाईंचा पाय मोडला आणि हेबर्लेबाई वर आल्या. "तुमच्या हत्तीच्या देवाला तुम्ही दीडशे माणसांचं जेवण करता," त्या म्हणाल्या. तो प्रश्न नव्हता.

मला पहिल्यापासून राग येत होता. आमच्याकडे माणूस हातगाडी ओढतो ती पोटासाठी. तिच्यावर केळी असतात, आणि पालिकेची गाडी दिसली की तो जीव घेऊन पळतो. टोपी घालून, हौसेने, चढावर कोणी ओढत नाही. हे मी बाईंना सांगितलं.

"गेनाऊ, अगदी बरोबर," त्या म्हणाल्या. "म्हणूनच ओढायची."

त्यात त्यांच्या पंथात चहा चालत नाही. दोन दिवस मी बिनचहाची होते. हे लक्षात घ्यावं.

संध्याकाळी पोरं आली. पायांना फोड, तोंडं उतरलेली. जेवायला सूप आणि पावाचा एक तुकडा, कारण पायोनियरांना तेवढंच मिळायचं. माझी ईरा, घरी ताटात अर्धं टाकणारी, वाडगा चाटत होती. माझं डोकं फिरलं. हेबर्लेबाई एका मुलीचे पाय धुवायला ओढ्यावर गेल्या होत्या. मी सरळ त्यांच्या गाडीत हात घातला. ताडपत्रीखाली लोकरीच्या शालीत गुंडाळलेलं एक गाठोडं होतं. उघडलं, तर कापडी पिशवीत पीठ. पोरं उपाशी आणि पीठ शाल पांघरून झोपलंय! मी ते भिजवलं. पाण्याच्या बाटलीने लाटलं, पातेल्याच्या झाकणावर भाजलं. मैदाच होता, पण लोणी-साखर लावल्यावर कोणी विचारलं नाही.

बाई परतल्या. गाडीत वाकून बघितलं. ताडपत्री उचलली, पुन्हा खाली ठेवली.

"बाळ कुठे आहे?"

"कुठलं बाळ?"

चाळीस तोंडं चावायची थांबली. ईरा हातातल्या पोळीकडे बघत म्हणाली, "ममा, दु हास्ट दास बेबी गेबाकन!" म्हणजे मी बाळ भाजलं होतं.

मग तिनेच समजावलं. प्रत्येक गाडीला पिठाचं एक बाळ देतात. वाटेत चिठ्ठ्या काढतात. ज्या गाडीची चिठ्ठी निघेल तिचं बाळ वाटेत दगावलं असं समजायचं; ते झाडाखाली ठेवायचं, गाणं म्हणायचं आणि पुढे निघायचं. उरलेली शेवटच्या दिवशी टेकडीवर पोचतात. हेबर्लेबाईंची चिठ्ठी आजवर कधीच निघाली नव्हती. चिठ्ठ्या त्याच लिहितात.

"मला कोणी सांगितलं होतं?" मी सगळ्यांदेखत ओरडले. "पिठाला शाल आणि पोरांना उपास, हा कुठला धर्म?"

आता 'वायटर' ऐकायला लागणार म्हणून मी तयारीतच होते. पण बाईंनी रिकामी शाल झटकली आणि घडी घातली. तेव्हा दिसलं, शाल फार लहान होती, आणि धुऊन धुऊन विरलेली.

"माझं घरीसुद्धा आलं नाही," त्या म्हणाल्या. "क्लिनिकमधूनच नेलं. एकदा हातात दिलं होतं. एवढंच होतं वजनाला." आणि आपल्या तंबूत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांच्या आधी उठले. दुपारच्या खिचडीचे तांदूळ त्या पिशवीत भरले, तोंड शिवलं आणि हेबर्लेबाईंच्या तंबूत गेले.

"घ्या हातात."

त्यांनी घेतलं. "थोडं जास्त आहे."

टाका उसवून मूठभर काढले. "आता?"

"अजून थोडं."

तिसऱ्यांदा पिशवी दिली तेव्हा त्यांचा कोपर आपोआप दुमडला होता आणि दुसरा हात पिशवीच्या वरच्या टोकाखाली गेला होता. मी पिशवी काढून घेतली, आमच्याकडे बाळाला गुंडाळतात तशी शालीत घट्ट गुंडाळली आणि पातेल्याच्या बुडाची काजळी बोटावर घेऊन वर तीट लावली.

"हे काय?"

"दृष्ट लागू नये म्हणून. पायोनियरांकडे नव्हतं. आमच्याकडे असतं."

गाठोडं गाडीत ठेवलं आणि दांड्याच्या दुसऱ्या टोकाला उभी राहिले. समोर चढ होता.

"वायटर," मी म्हटलं.

चाक जराही कुरकुरलं नाही. चरबीचं तेवढं मान्य करायला हवं.