येडबाचा पावा

येडबाचा पावा मोबाइलमधल्या कबड्डीत वाजू लागला आणि पेडगावात त्याच्याच शेळ्या त्याला विचारेनाशा झाल्या.

झालं असं, की त्याची भाची अर्पिता पुण्यात गेम बनवते. खेळांच्या गेममध्ये आधी नुसतं टुंईटुंई असायचं, मग ढिंच्याक गाणी आली. आता कंपनीला मातीतला सूर हवा होता. "मामा, वाजवा की कायतरी," ती सुट्टीत येऊन म्हणाली. येडबाला येत होती एकच धून, दिवस कलला की रानात पांगलेल्या शेळ्या बोलवायची. ती ऐकून शेळ्या धावत यायच्या आणि प्रत्येकीला मिठाचा खडा मिळायचा. तीच त्याने मन लावून वाजवली.

गेम निघाला. सगळं गाव पारावर बसून कबड्डी खेळू लागलं. गडी बाद झाला की पावा, जिंकला की पावा! शेळ्या बिचाऱ्या भर दुपारी चारा सोडून पाराकडे पळायच्या. तिथे कुठलं आलंय मीठ? एकीने तर पारावर खेळत बसलेल्या भुजंगचा मोबाइलच चाटून बघितला. अशा रोज फसून फसून शेळ्या शहाण्या झाल्या. येडबाने खरा पावा वाजवला, तरी एकीनेही मान वर केली नाही.

येडबा बांधावर मटकन बसला. त्याला फार वाईट वाटलं. "जलमभर ह्यांच्यामागं फिरलो, अन् आता मलाच वळखंनात व्हय!"

"वाटा अजून गावाला सूर," त्याची बायको केवळाबाई करवादली. "अंधार पडायलाय. लांडगं हायत रानात. उठा!"

दोघांनी कान धरधरून शेळ्या घरी आणल्या. हे रोज कसं जमायचं?

अर्पिता कळल्याबरोबर आली. कंपनी पावा काढायला तयार नव्हती. लोकांना तोच लई आवडला होता. मग तिने मामाच्या संदुकीतून आपला लहानपणीचा क्रिकेटचा गेम काढला. उरुसातून मामानेच आणलेला, अन् त्यानेच जपून ठेवलेला. सेल घातले तसा तो टुंईटुंई वाजला.

"मामा, असला गेम आता कुणीच खेळत न्हाई. हा वाजवून मीठ द्या."

शेळ्यांना सवय लागली. आता दिवस कलला, की टुंईटुंई ऐकून त्या झटक्यात गोळा होतात आणि मिठासाठी येडबाचं धोतर ओढत बसतात.

"अवं, शेळ्या कवाच्या आल्यात," केवळाबाई घराच्या वाटेवरून ओरडते, "तुमी कवा येनार?"

"थांब गं, दोनच रन पायजेत," येडबा मान वर न करता म्हणतो.