म्याकलसरांचा फिल्टर

म्याकलसर आमच्या घरात आले की नमस्काराच्या आधी फ्रीज बंद करतात. विचारणं वगैरे काही नाही. आधी बटण खाली, मग हात जोडून, "कसं काय साहेब?" त्यानंतर पंखा. सोलापुरातला मे महिना आणि पंखा बंद! हे मी केलं असतं तर आमच्या हिने मला जिन्यात बसवलं असतं. सरांसाठी मात्र ती स्वतः पुढे होऊन मिक्सरची पिनसुद्धा काढते.

सर शेजारच्या फ्लॅटमध्ये एकटेच राहतात. पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवून निवृत्त झाले आणि घरी एक फिल्टर बनवायला बसले. पाण्याचा नव्हे, आवाजाचा. त्यांच्या एका जुन्या कॅसेटवर त्यांनी तरुणपणी टाळांच्या साथीत म्हटलेलं भजन आहे आणि भजनामागे घरातल्या हातमागाचा आवाज. धप, धप. "नको ते कापायचं, पायजे ते ठेवायचं. फिल्टर म्हंजे तेवढंच की," असं सर सांगायचे. अडचण एकच. फिल्टर चालू केला की कॅसेटच्या आधी 'घूंऽऽ' असा आवाज यायचा. हा घूं येतो कुठून, हे शोधण्यासाठी सगळ्या बिल्डिंगचे फ्रीज बंद होत होते.

आता माझं दुःख ऐका. माझ्याकडे सिंगापूरहून आणलेली म्युझिक सिस्टीम आहे. ती ऐकायला कुणी येत नाही. सरांचा घूं ऐकायला मात्र त्यांच्या गॅलरीत खुर्च्या कमी पडतात. खालचे शेखभाई येतात, आमची ही शेंगाचटणी घेऊन जाते. सरांनी कपॅसिटर बदलला की सगळे श्वास रोखतात, घूं आला की हळहळतात. "अर्थिंग बघा आधी," हे सरांचं पालुपद. शेखभाईंची सून रुसून माहेरी गेली, तेव्हाही सर म्हणाले, "अर्थिंग सुटलंय कुटंतरी. मुळाशी जाऊन बघा." सून परत आली आणि श्रेय सरांना! हा घूं जन्मभर टिकावा, अशी मी मनोमन प्रार्थना करू लागलो.

तो टिकला नाही. एका रविवारी दुपारी ही चहाचा ट्रे घेऊन सरांकडे गेली, मीही मागोमाग; शेखभाई आणि मंडळी आधीच जमली होती. टेबलावर जागा नव्हती म्हणून हिने सर्किटला खेटून ठेवलेला ट्रान्सफॉर्मर कोपराने लांब ढकलला आणि घूं गायब!

"अय्यो!" सर ओरडले. "वहिनी, हाच जवळ बसून गुणगुणत होता की! लई भारी काम केलं तुमी!"

ही चक्क लाजली. माझ्या बोलण्याने ती कधी लाजल्याचं मला तरी आठवत नाही.

सरांनी कॅसेट लावली. सगळे भजन ऐकायला सरसावून बसले. आणि स्पीकरमधून काय आलं? धप. धप. धप. भजन कुठेतरी विहिरीच्या तळाशी. मला इतका आनंद झाला की तो लपवताही येईना.

"सर, फिल्टर उलटा झालाय तुमचा! गाणं कापलं आणि माग राहिला."

सर डोळे मिटून बसले होते. "उलटा न्हाय, साहेब. गाणारा मी हाय. मला कशाला ऐकू? मागावर आमचे नायना हायेत, माझे वडील. बोलायचे लई कमी. फोटो हाय त्यांचा, आवाज कुटंच न्हाय. एवढाच हाय."

धप, धप चालू होतं. मग एकाएकी ते थांबलं. मला वाटलं, पुन्हा काहीतरी बिघडलं. सर खुर्चीतून अर्धवट उठले, पण त्यांनी कशाला हात लावला नाही.

"हितं माझी वरची तान हाय," ते हळूच म्हणाले. "नायनांना माझं गाणं आवडत न्हाय, असंच मी समजत होतो. एक शब्द कदी बोलले न्हाईत. टाळांच्या गोंगाटात माग थांबलेला मला कळलाच न्हाय."

इतके दिवस मी सरांचा हेवा करत होतो, पण एवढा कधीच केला नव्हता.

माग पुन्हा सुरू झाला. सरांनी कॅसेट थोडी मागे घेतली आणि तो जिथे थांबला होता, ती जागा आम्ही सगळ्यांनी पुन्हा ऐकली.