डोमाजीभाऊंचे दफे

आमचे शेजारी डोमाजीभाऊ रागावले की शिवी देत नसत, दफा देत, म्हणजे कायद्याचं कलम.

कोणाची म्हैस त्यांच्या धानाच्या बांधीत शिरली की आमच्या मुर्री गावातले बाकीचे लोक तिच्या मालकाच्या सात पिढ्या काढत. डोमाजीभाऊ मात्र धोतराचा सोगा सावरत बांधावर उभे राहत आणि शांतपणे म्हणत, "दफा चारशे छब्बीस. नुकसानी." मालक घाबरून हात जोडी. एकदा मांजर दूध पिऊन गेलं, तेव्हा सरजाबाई, म्हणजे त्यांची बायको, काठी घेऊन धावली. भाऊंनी तिला अडवलं. "मारू नोको. दफा चौऱ्याऐंशी. अक्कल ठिकानावर नसल त गुन्हा होत नाही."

"मांजरीची अक्कल ठिकानावर हाये," सरजाबाई म्हणाली, "तुमचीच गेली."

पंचेचाळिशीचा, मिशा पिकलेला, घरी खाऊन-पिऊन सुखी असलेला हा माणूस फौजदारी कायदा शिकत होता. गोंदियात एक पेन्शनर कोर्ट-दरोगा, म्हणजे कोर्टात खटले चालवणारे पोलीस अधिकारी, राहत. सगळे त्यांना पंडितजी म्हणत. पोलिसात भरती होऊ पाहणाऱ्या आम्हा पोरांना ते धर्मशाळेच्या मागल्या खोलीत संध्याकाळी ताजिरात-ए-हिंद, म्हणजे हिंदुस्थानचा फौजदारी कायदा, शिकवत. मी तिथे नाव घातलं, तर दुसऱ्याच दिवशी रस्त्यात डोमाजीभाऊ माझ्यासोबत चालू लागले. धानाच्या रोवणीचे दिवस. पोटऱ्यांवर चिखल तसाच.

"भाऊ, कुठं?"

"तू जाऊन राहिला तिथंच."

पंडितजींनी चष्म्यावरून पाहिलं. "आपको तो भरती होना नहीं. फिर काहे को पढ़ना?"

भाऊ हात जोडून म्हणाले, "कानून की मेड़ कहाँ से कहाँ तक है, बस इतना देखना है, मालिक."

कायद्यालाही बांध असतो हे ऐकून पंडितजी हसले आणि त्यांनी भाऊंना बसायला तरट दिलं.

वर्गात भाऊंचा त्रास मोठा. इंग्रजी शब्द आला की ते हात वर करत. "याले आपल्या बोलीत का म्हनतात?" अर्थ कळेपर्यंत पंडितजींना पुढे सरकू देत नसत. 'बेल' शब्दावर तर अख्खी संध्याकाळ गेली. जामिनासाठी सरकारात बैल बांधावा लागतो, असं गावात अर्ध्या लोकांना वाटे. पुढे कितीतरी दिवस भाऊ चावडीवर, विहिरीवर, लग्नाच्या पंगतीत सांगत फिरले, "बेल मंजे बैल नोहे, बापा! बैल घरीच राहू द्या."

शेवटी पंडितजींनी आमची तोंडी परीक्षा घेतली. भाऊंना विचारलं, "शेजाऱ्याच्या झाडाचा आंबा तुमच्या अंगणात पडला. तुम्ही खाल्ला. चोरी झाली की नाही?"

भाऊ विचारात पडले. "शेजाऱ्याशी बोलनं चालू हाये का बंद?"

आम्ही पोट धरून हसलो. भाऊंना त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. "बोलनं चालू असल त तो दुसरा आंबा आनून देते," ते म्हणाले. "बंद असल त मंग दफा पाहा लागते."

मी भरती झालो आणि पुढे माझी नेमणूक तहसिलीच्या कोर्टातच झाली. पहिल्याच सोमवारी पाहतो तर मागच्या भिंतीशी धुतलेलं धोतर, काळा कोट घालून डोमाजीभाऊ जमिनीवर बसलेले. शेजारी सालेकशाकडची एक गोंड बाई. तिच्या नवऱ्यावर स्टेशनावरचं कोणाचं गाठोडं उचलल्याचा आळ होता. मॅजिस्ट्रेट साहेब इंग्रजीत बोलत, वकील अर्धं इंग्रजी अर्धं उर्दू. बाई नुसती त्यांच्या तोंडाकडे पाहत होती, आणि डोमाजीभाऊ तिच्या कानाशी वाकून बोलत होते.

"चूप!" चपराशी ओरडला.

भाऊंनी हात जोडले. चपराशाची पाठ फिरली की पुन्हा वाकले.

साक्षीदारानं गाठोडं ओळखलं, पण माणूस ओळखला नाही. साहेबांनी दोन वाक्यं बोलून कागद बाजूला सारला. पिंजऱ्यातला माणूस तसाच मान खाली घालून उभा. बाईचा चेहरा पांढराफटक.

"छूट गिस, बाई," नवरा सुटला असं भाऊ तिच्या बोलीत हळूच म्हणाले. "घर ले जा."

"फेर पुलिस आही?" पोलीस पुन्हा येतील का, एवढंच तिनं विचारलं.

"नइ आवय."

ती उठली, नवऱ्याचा हात धरला आणि मागं न पाहता त्याला बाहेर घेऊन गेली.

दुपारच्या सुट्टीत मी भाऊंना व्हरांड्यात गाठलं. "ही बाई तुमच्या ओळखीची?"

"नाही."

"मग हे कायले, भाऊ?"

ते व्हरांड्याच्या पायरीवर टेकले. मग म्हणाले, "आमच्या मोठ्या भावावर बी असाच खटला झालता. मी तवा जवान होतो. साहेब काई बोलला, शिपायानं दादाले धक्का देऊन बाहेर काढलं. मले वाटलं, आता जेलात नेतीन. पन कोनी नेलं नाही. आमी दोघं रडत रडत घरी आलो. धान कापनीले येयेपर्यंत दादा आंगनात पाऊल वाजलं का उठून उभा राहे. हात पुढं करून. बेडीसाठी."

"आणि मग?"

"मंग एका वकिलाच्या मुनशीनं सांगतलं, अरे, तो त त्याच दिवशी सुटलाता." भाऊ हसले. दादाही तेव्हा हसला होता, म्हणाले, फार हसला होता. "कोनी सांगतलंच नोतं, बाबू. आमाले समजलंच नोतं."

आत पुकारा झाला. दारातून एक म्हातारा आत शिरला आणि कुठे बसावं ते न कळून काठी टेकत तसाच उभा राहिला. डोमाजीभाऊ कोट झटकत आत जाऊन आपल्या जागी बसले.

"या बाबाजी," ते भिंतीशी जागा करत म्हणाले, "माह्याजवळ बसा."